वाढत्या गुडघ्यातलं लिगामेंट

(दृश्य: कबड्डीची मॅट. चढाई करणारा मुलगा मध्यरेषेकडे वळतो आणि खाली बसतो. दृश्य संथ गतीत पुन्हा.)

पाऊल मॅटला चिकटलेलं, धड मध्यरेषेकडे वळलेलं आणि गुडघा आत झुकलेला. कुणाचा धक्का लागायचीही गरज नसते. ‘कट्’ असा आवाज येतो आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात साठलेलं रक्त, आणि संशय एसीएलचा, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणाऱ्या दोरीसारख्या लिगामेंटचा. मुरगळला असेल म्हणून तेल लावून चोळू नका. बर्फ लावा, पायाला आधार द्या आणि एक्स-रे काढा.

लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, मग एक्स-रे कशासाठी? वाढत्या वयात कित्येकदा लिगामेंट शाबूत राहतं आणि ते नडगीला जिथे रोवलेलं असतं, तो हाडाचा तुकडाच उपटून येतो. दुखणं तेच, सूज तीच, इलाज मात्र वेगळा. सरकलेला तुकडा दोऱ्यांनी किंवा स्क्रूने जागेवर बसवायचा, नवं लिगामेंट घालायचं नाही. तुकडा निघालेला नसेल तर लॅकमन चाचणी. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून नडगी पुढे ओढून बघतात, आणि हे दोन्ही पायांवर करतात. मुलांचे सांधे मुळातच सैल असतात, म्हणून एकाच पायावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. मग एमआरआय. त्यात एसीएलइतकंच लक्ष मेनिस्कसकडे, म्हणजे सांध्यातल्या गादीकडे द्यायचं.

(दृश्य: गुडघ्याचा एक्स-रे. मांडीच्या हाडात आणि नडगीच्या हाडात प्रत्येकी एक काळी आडवी रेघ ठळक होते.)

ही काळी रेघ म्हणजे ग्रोथ प्लेट, हाड लांब करणारी कूर्चा. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ती वर्षाला साधारण 9 मिलिमीटर वाढ देते, नडगीच्या वरच्या टोकाला 6. मुलींची ही वाढ साधारण चौदाव्या वर्षी थांबते, मुलांची सोळाव्या. आता अकरा वर्षांची एक मुलगी आणि त्याच वयाचा एक मुलगा घ्या. तिच्या गुडघ्याभोवती साडेचार सेंटिमीटर वाढ बाकी आहे, त्याच्या साडेसात. त्यामुळे जन्मतारखेवर भागत नाही. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतात, वयात येण्याची लक्षणं पाहतात. मुलीची पाळी सुरू झाली आहे का, हा प्रश्न सर्जनने संकोच न करता विचारायचा आणि आईनेही त्याचं उत्तर न संकोचता द्यायचं.

मोठ्या माणसाचं लिगामेंट फाटलं, तर शस्त्रक्रियेत दोन्ही हाडांना बोगदे पाडतात आणि त्यांतून नवं लिगामेंट ओवून स्क्रूने घट्ट करतात. तीच पद्धत दहा वर्षांच्या मुलावर केली, तर स्क्रू किंवा नव्या लिगामेंटसोबत घेतलेला हाडाचा तुकडा ग्रोथ प्लेटमध्ये अडकून राहू शकतो. त्याभोवती हाडाचा पूल तयार होतो आणि तेवढ्या जागी वाढ थांबते. मांडीच्या हाडाची बाहेरची बाजू थांबली, आतली वाढत राहिली, की गुडघा आत झुकतो. नडगीचा पुढचा उंचवटा दुखावला तर गुडघा मागे वाकायला लागतो.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. मांडीच्या बाहेरच्या बाजूला छेद.)

वाढ भरपूर बाकी असलेल्या लहान मुलांसाठी एक पद्धत आहे, जिच्यात हाडाला बोगदा पाडतच नाहीत. बोस्टनच्या मिशेली आणि कोकर या सर्जनांच्या नावाने ती ओळखली जाते. मांडीच्या बाहेरून कमरेपासून नडगीपर्यंत उतरणारा जाड पट्टा असतो, आयटी बँड. त्याची लांब पट्टी वरच्या टोकाला कापून मोकळी करतात, खालचं टोक नडगीला जोडलेलंच ठेवतात. पट्टीची गुंडाळी करून दोऱ्यांनी शिवतात. मग दुर्बिणीतून पाहत ती मांडीच्या हाडाच्या मागून, वरून वळसा घालून सांध्यात घेतात आणि पुढच्या बाजूला दोन गाद्यांना जोडणाऱ्या आडव्या बंधाखालून नडगीवर आणतात. गुडघा 90 अंशांत वाकवून वरची बाजू मांडीच्या हाडावरच्या आवरणाला शिवायची. मग गुडघा 20 अंशांवर आणून, पट्टीला ताण देऊन, खालची बाजू नडगीच्या आवरणाला. स्क्रू नाही, ड्रिल नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 240 गुडघ्यांच्या आढाव्यात ही पट्टी पुन्हा फाटण्याचं प्रमाण 6.6 टक्के निघालं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला थोडा फुगवटा दिसू शकतो, हे पालकांना आधीच सांगितलेलं बरं.

वाढ थोडीच उरली असेल तर बोगदे चालतात, पण मोजून मापून. व्यास जमेल तेवढा लहान, 6 ते 8 मिलिमीटर. बोगदा 6 चा 9 केला, तर ग्रोथ प्लेटमधलं भोक सव्वादोन पट होतं. बोगद्याची दिशाही महत्त्वाची. प्लेट सरळ ओलांडली तर भोक गोल पडतं, तिरकी ओलांडली तर लांबट आणि मोठं. म्हणून बोगदा उभा आणि शक्य तेवढा मध्यभागी, प्लेटच्या कडेपासून दूर. ड्रिल हळू फिरवायचं, उष्णतेनेही कूर्चा मरते. आत भरायची ती फक्त मऊ ऊती, सहसा मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंच्या कंडरांची, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांची, चौपदरी दोरी. तिची टोकं प्लेटपासून लांब पकडायची, वर हाडाबाहेर टेकणाऱ्या छोट्या बटणाने, खाली नडगीत प्लेटच्या खालच्या बाजूला. बोगदा रिकामा राहिला तर तिथे हाडाचा पूल होऊ शकतो, त्यामुळे तो ऊतीने पूर्ण भरलेला हवा. मृत दात्याची कंडरा या वयात टाळलेली बरी. मुलांत ती जास्त वेळा फाटते.

मग मूल मोठं होईपर्यंत थांबायचं का? एके काळी हाच सल्ला होता. काही मुलांना व्यायाम आणि गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यावर (ब्रेसवर) वेळ काढता येतो, हेही खरं. पण गुडघा पुन्हा पुन्हा सटकत असेल, तर प्रत्येक सटकण्यात आतल्या बाजूची गादी चिरडते, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी मिळत नाही. गादीचा फाटलेला भाग सांध्यात अडकला आणि गुडघा सरळच होईना, तर थांबायचं नाही, गादीला टाका लवकर घातला पाहिजे. शस्त्रक्रिया टाळून मुलाला मैदानावर मोकळं सोडणं, हा मात्र सगळ्यात वाईट पर्याय.

(दृश्य: फिजिओथेरपी. एका पायावर उडी.)

आयटी बँडच्या पद्धतीत पहिले सहा आठवडे पाय जमिनीला नुसता टेकवायचा, भार कुबड्यांवर. पहिले दोन आठवडे गुडघा 30 अंशांपर्यंत वाकवायचा, मग सहाव्या आठवड्यापर्यंत 90. खरी पंचाईत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते. दुखणं गेलेलं असतं, मूल गल्लीत पळायला लागतं आणि आजी म्हणते, “बरा झाला की!” आत बसवलेल्या ऊतीचं लिगामेंटमध्ये रूपांतर व्हायला मात्र अजून कित्येक महिने असतात. वळण-झेपेच्या खेळाला नऊ महिन्यांआधी परवानगी नाही, लहान मुलांना पूर्ण वर्ष. त्याआधी मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उडीचं अंतर चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के यायला हवं, आणि उडीवरून उतरताना गुडघा आत झुकायला नको. मैदानावर परतलेल्या तरुण खेळाडूंत जवळजवळ चारातल्या एकाचं लिगामेंट पुन्हा फाटतं, त्याच गुडघ्यात किंवा दुसऱ्या.

शिवाय वाढ संपेपर्यंत तपासणी चुकवायची नाही. सुरुवातीला दर सहा महिन्यांनी, उभं राहून, खुब्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा एकच एक्स-रे. पाय वाकडा होत असेल तर जास्त वाढणाऱ्या बाजूला धातूची छोटी प्लेट आणि दोन स्क्रू बसवून ती बाजू काही काळ रोखतात, पाय हळूहळू सरळ होतो. हा उपाय वाढ शिल्लक असेपर्यंतच लागू पडतो. नंतर हाड कापून सरळ करावं लागतं.