सोडियमचा तुकडा आणि क्लोरीनचं पाणी

नमस्कार मंडळी. आवर्तसारणीत डाव्या कडेला अल्कली धातू, म्हणजे सोडियम, पोटॅशियम वगैरे, उजवीकडे निष्क्रिय वायूंच्या अलीकडे हॅलोजन, म्हणजे वरून खाली फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. दोघंही तापट, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारे, पण दिशा उलटी. धातू खाली जाल तसे जास्त तापट, हॅलोजन वर जाल तसे. परत सांगतो, धातू खाली, हॅलोजन वर.

आता किस्सा. आमच्या शाळेत सोडियमची बाटली सरांच्या कपाटात कुलपात असायची, वर रॉकेल, तळाशी मळकट ढेकळं. सर चिमट्याने एक काढून फिल्टर पेपरवर ठेवायचे, सुरीने कापायचे, कापलेली बाजू एकदम चकचकीत आणि बघता बघता काळवंडायची. मुगाएवढा तुकडा पाण्यात, पाण्यात आधीच फिनॉल्फथॅलिनचे, म्हणजे अल्कली दिसली की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, दोन थेंब. तो वितळून गोळी व्हायचा, स्स्स करत सैरावैरा पळायचा आणि मागे गुलाबी रेघ. मागच्या बाकावरून हमखास आवाज, सर, मोठा टाका ना! सर ढिम्म.

एकदा काय झालं, प्रयोग संपला, आवराआवर चालली होती आणि कुणीतरी तो फिल्टर पेपर, रॉकेलने भिजलेला, सोडियमचा चुरा चिकटलेला, उचलून बेसिनखालच्या ओल्या बादलीत टाकला. फट्! बादलीतून पिवळी ज्वाळा, अख्खा वर्ग बाकांवर, एक शूर वीर पाण्याचा जग घेऊन धावला, तर लॅबच्या मामांनी त्याची कॉलर धरून मागे ओढलं आणि कोरडी वाळू ओतली. सर म्हणाले, "घ्या, मोठा हवा होता ना?"

लॅबचे मामा हेच शाळेतले खरे केमिस्ट, हे माझं जुनं मत आहे. हल्ली स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लावतात, त्याला रॉकेलचा वास येतो का? असो.

तर कारण. धातूला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन द्यायचाय, अणू मोठा तेवढा तो सैल, म्हणून पोटॅशियम पाण्यात पडताच जांभळट ज्योतीने पेटतं. हॅलोजनला एक ओढायचाय, अणू लहान तेवढी ओढ जास्त. फ्लोरीन तर इतकं जहाल की ते १८८६ साली फ्रेंच रसायनज्ञ म्वासाँच्या हाती लागायच्या आधी त्या नादात काही जण जिवाला मुकले. शाळेत म्हणून क्लोरीनचं पाणी, म्हणजे पाण्यात विरघळवलेला क्लोरीन. पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घाला, नारिंगी, क्लोरीनने इलेक्ट्रॉन ओढला आणि ब्रोमीन सुटलं. आयोडाइडमध्ये घाला, तपकिरी, आयोडीन सुटलं, आणि स्टार्चचा थेंब टाकला की निळंकाळं. उलट करा, ब्रोमाइडमध्ये आयोडीन, ढिम्म काही होत नाही. पोरं हाच प्रयोग बोर म्हणतात, पण परीक्षेत हाच येतो. धातू खाली, हॅलोजन वर, लिहून ठेवा. नमस्कार.