जामीन सरकार, दार बँकेचं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत छोटा धंदा करणाऱ्याला सरकार कर्ज देतं, असा पुष्कळांचा समज आहे. मी अटलांटा भागात छोट्या धंद्यांचे हिशेब आणि टॅक्सचे कागद पाहते. माझ्याकडे येणाऱ्यांत बरेचजण कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्यापैकी कुणी सरकारी कर्जाचं विचारलं, की मला आधी एक गोष्ट उलगडून सांगावी लागते. स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए, हे १९५३ साली स्थापन झालेलं सरकारी खातं. त्याची सगळ्यांत मोठी कर्जयोजना सेव्हन-ए. तिच्यात पैसे बँकेचे असतात आणि सरकार नुसतं जामीन राहतं. दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के. कर्ज बुडालं तर तेवढा वाटा सरकार बँकेला भरून देतं. भारतात लघुउद्योगांसाठी २००० साली जी पतहमी योजना आली, तिची घडणही साधारण अशीच आहे.

आता यातली मेख बघा. जामीन सरकार असलं, तरी अर्ज घ्यायचा की नाही, कागद कुठले मागायचे, तारण किती पुरेसं धरायचं, हे सारं बँकेतला अधिकारी ठरवतो. सरकारी हमीमुळे बँकेची भीती कमी होते. समोर बसलेल्या माणसाकडे बघण्याची तिची नजर मात्र त्यामुळे बदलतेच असं नाही.

अर्जात एक फॉर्म असतो, क्रमांक ४१३. मालकाची वैयक्तिक मालमत्ता आणि देणी त्यात लिहायची. धंद्यात २० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची हमी द्यावी लागते. या फॉर्मवर घराची किंमत लिहायची ओळ आली की मला दर वेळी १९३० च्या दशकातले ते नकाशे आठवतात. सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरोशहरी वस्त्यांचे नकाशे काढले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात रंगवल्या. लाल म्हणजे धोक्याची वस्ती. तिथे कर्ज मिळणं दुरापास्त झालं. ज्यांना घरं घेता आली, त्यांच्या मुलानातवंडांना धंद्यासाठी तारण मिळालं. ज्यांना घेता आली नाहीत, त्यांची नातवंडं आज ती ओळ कोरी ठेवतात. फॉर्म सगळ्यांना एकच आहे, पण तो भरायला बसणाऱ्यांचे आजोबा एकाच रांगेत उभे नव्हते.

आणि सरकारवर विश्वास ठेवा, हे तरी कुठल्या तोंडाने सांगायचं? १८६५ साली, गुलामगिरी संपता संपता, अमेरिकी संसदेने कायदा करून फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढली. नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांनी घामाचे पैसे तिथे ठेवले, कारण पाठीशी सरकार आहे असं त्यांना वाटलं होतं. वर बसलेल्यांनी ते पैसे बेफाम कर्जांत घालवले. अखेरच्या महिन्यांत फ्रेडरिक डग्लस यांना, म्हणजे स्वतः गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना, अध्यक्ष केलं गेलं. त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर घातले, पण १८७४ मध्ये बँक बुडालीच. ६१ हजार खातेदार, जवळपास ३० लाख डॉलर. सरकारने हमी घेतलेलीच नव्हती. आजही एखादे आजोबा बँकेचं नाव काढलं की मान हलवतात, तेव्हा मी त्यांना अडाणी समजत नाही.

आता २०२० कडे येते. टाळेबंदीत छोट्या धंद्यांना पगार भागवता यावेत म्हणून पीपीपी नावाचं कर्ज आलं. पूर्ण सरकारी हमीचं, आणि नियम पाळले तर माफ होणारं. ३ एप्रिलला अर्ज सुरू झाले. ज्यांच्या धंद्यात मालक एकटाच, त्यांना अर्ज करायला १० एप्रिल उजाडावा लागला. १६ एप्रिलला पहिले ३४९ अब्ज डॉलर संपलेसुद्धा! शिवाय अनेक मोठ्या बँकांनी आधी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांचे अर्ज घेतले. कृष्णवर्णीयांच्या बहुसंख्य धंद्यांत मालकाखेरीज पगारी माणूसच नसतो आणि बँकेशी कर्जाचं जुनं नातंही क्वचितच असतं. म्हणजे दोन्हीकडून मार. फेब्रुवारी ते एप्रिल या दोन महिन्यांत चालू असलेल्या कृष्णवर्णीय धंदेवाल्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली, असं अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फेअरली यांनी सरकारी आकडेवारीतून दाखवलं.

त्यातली सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जाचक गोष्ट मी माझ्या टेबलावर पाहिली. एकट्या मालकाच्या धंद्याचा हिशेब टॅक्सच्या शेड्यूल सी नावाच्या कागदावर असतो. पीपीपीची रक्कम त्याच्या ३१ व्या ओळीवरून, म्हणजे निव्वळ नफ्यावरून ठरायची. माझ्याकडे केसांच्या वेण्या घालून देणाऱ्या एक बाई येतात, तीन खुर्च्यांचं दुकान आहे त्यांचं. एक खुर्ची स्वतःची, दोन भाड्याने दिलेल्या. अशा एखाद्या दुकानात वर्षाला ६० हजार डॉलर आले आणि भाडं, वीज, सामान, विमा जाऊन ४ हजार उरले, असं धरा. अडीच महिन्यांच्या नफ्याएवढं कर्ज, म्हणजे ८३३ डॉलर. दुकानाचं एका महिन्याचं भाडंही त्यात निघत नाही. नफा शून्य असेल तर कर्जही शून्य. मार्च २०२१ मध्ये नियम बदलला, ३१ ऐवजी ७ वी ओळ, म्हणजे एकूण उत्पन्न धरायचं ठरलं. त्याच दुकानाला आता साडेबारा हजार! पण ज्यांचं कर्ज आधीच मंजूर झालं होतं, त्यांना नव्या हिशेबाने फरक मिळाला नाही. घाईने, नियमाने वागलेल्या माणसांचं नुकसान झालं. याचा मला आजही राग येतो.

याच काळातली एक गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की ज्या छोट्या बँकांनी अर्ज तपासायचं काम संगणकावर सोपवलं, तिथे कृष्णवर्णीय मालकांना मिळणारी कर्जं वाढली. म्हणजे अडचण धंद्यात नव्हती, तर निदान काही अंशी टेबलापलीकडच्या माणसात होती.

हे सगळं मराठी श्रोत्यांपुढे मी का मांडते आहे? कारण या झगड्याचं फळ आपणही खाल्लं आहे. सरकारी कंत्राटांत वंचित गटांतल्या उद्योजकांना वाटा देणारी एट-ए नावाची योजना आहे. तिची मुळं १९६० च्या दशकातल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्यात आहेत. १९८२ साली भारतीय वंशाच्या लोकांच्या संघटनेने अर्ज केला आणि आपल्यालाही त्या यादीत घेतलं गेलं. संगणकाच्या धंद्यातल्या आपल्या कितीतरी मंडळींनी पहिलं सरकारी कंत्राट याच दारातून मिळवलं. मग जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या संघीय न्यायालयाने सांगितलं की केवळ वंशावरून वंचित धरता येणार नाही. त्यानंतर अर्जदारांना स्वतःवर झालेल्या अन्यायाची हकीकत, प्रसंग आणि परिणामांसह, लिहून द्यावी लागली. कुणी डावललं, कुठे, आणि त्यामुळे धंद्याचं काय गेलं. ज्या समाजाने हे दार उघडलं, त्याच्यावरच पुन्हा पुरावे देण्याची वेळ यावी आणि आपल्या बैठकांत त्याची साधी चर्चाही होऊ नये, हे मला बोचतं.

अर्ज करणाऱ्यांना मी काय सांगते, तेही थोडक्यात सांगते. मोठ्या बँकेत पहिलं पाऊल टाकू नका. समाजात राहून कर्ज देणाऱ्या ना-नफा संस्था आहेत, एसबीएची मायक्रोलोन, म्हणजे ५० हजार डॉलरपर्यंतची कर्जं, अशाच संस्थांमार्फत मिळतात. कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या बँकाही आहेत. आमच्या अटलांटातली सिटिझन्स ट्रस्ट बँक १९२१ पासून उभी आहे. धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं करा, आजच. आणि टॅक्स वाचवायला दाखवता येईल तेवढा खर्च दाखवायचा, ही सवय कर्ज मागायच्या दोन-तीन वर्षं आधीपासून आवरा. बँक तुमची मेहनत बघत नाही, तुमचं टॅक्स रिटर्न बघते. अर्ज नाकारला, तर कारण लेखी मागा. तो तुमचा कायदेशीर हक्क आहे.

वेण्यांच्या दुकानाच्या बाईंनी असंच एका ना-नफा संस्थेकडून लहान कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर फेडले. आता त्यांना शेजारचा गाळा घ्यायचा आहे आणि त्यासाठी सेव्हन-ए कर्जाचा अर्ज करायचा आहे. त्यांची तीन वर्षांची रिटर्न्स आणि नफातोट्याचा तक्ता तयार करायचं काम सध्या माझ्याकडे चालू आहे.

नमस्कार.