एक किल्ली आणि संपत चाललेल्या बाटल्या

मित्रहो, दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचं नाव काढलं की बोलणं ‘सायको’पासून सुरू होतं. मी आज एका किल्लीपासून सुरू करणार आहे.

१९४६चा ‘नटोरियस’. मोठ्या घरात मेजवानी चाललीय. कॅमेरा वर, जिन्याच्या टोकाशी. खाली पाहुण्यांनी भरलेला दिवाणखाना. कॅमेरा सावकाश, मध्ये कुठेही न तुटता खाली येतो आणि नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या हातापाशी थांबतो. हातात तळघराची किल्ली. नवऱ्याच्या जुडग्यातून तिनं काढून घेतलेली. इकडे शॅम्पेन संपत चाललीय. ती संपली की कुणीतरी तळघरात जायला निघणार, आणि किल्ली नाही हे नवऱ्याला कळणार. ना किंकाळी, ना पिस्तूल, तरी आपण बाटल्या मोजत बसतो! रहस्य दडवून बसणारा धक्का क्षणभराचा असतो. हिचकॉक पत्ते आधीच उघडे टाकतो, म्हणून आपला जीव टांगणीला लागतो.

त्याचा जन्म १८९९चा, लंडनजवळच्या लेटनस्टोनचा, भाजीविक्रेत्याच्या घरातला. वडिलांनी चिठ्ठी देऊन पोलीस चौकीत पाठवलं आणि तिथं पोलिसांनी काही मिनिटं कोंडलं, ही लहानपणची आठवण तो आयुष्यभर सांगायचा. मला मात्र त्याची पहिली फिल्मी नोकरी जास्त महत्त्वाची वाटते. इस्लिंग्टनच्या स्टुडिओत तो मूकपटांच्या मजकुराच्या पाट्या तयार करायचा. शब्द कुठे लागतात आणि कुठे नुसतं चित्र पुरतं, हे रोज हातांखालून जात होतं. ती किल्ली तिथूनच आली, असं मी मानतो.

त्याच काळात त्याला आल्मा रेव्हिल भेटली. ती संकलक, वयानं त्याच्याहून एका दिवसानं लहान, पण या धंद्यात त्याच्या आधीपासून. १९२६मध्ये लग्न झालं. १९३९ला दोघं अमेरिकेत गेले, पुढच्याच वर्षीचा त्याचा ‘रिबेका’ ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. दिग्दर्शनाचं ऑस्कर मात्र पाच नामांकनं होऊनही त्याला कधीच मिळालं नाही.

‘सायको’ची प्रत तयार झाली. सगळ्यांनी पाहिली. आल्मा म्हणाली, मेलेली नायिका किंचित हलतेय. इतक्या जणांच्या नजरेतून ते निसटलं होतं!

‘द बर्ड्स’ची नायिका टिपी हेड्रननं पुढे त्याच्यावर छळाचे गंभीर आरोप केले. त्याच्या चित्रपटांवर जीव टाकणाऱ्या आपण ते ऐकून न ऐकल्यासारखं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

१९७९मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं त्याचा गौरव केला. थकलेल्या हिचकॉकनं चौघांचे आभार मानले: एक संकलक, एक पटकथाकार, आपल्या मुलीची आई आणि एक उत्तम स्वयंपाकीण. मग चौघांचं नाव सांगितलं. आल्मा रेव्हिल.