पोटावर दहा मिनिटं

(नेरुळमधल्या ज्येष्ठ नागरिकांपुढे एका निवृत्त लेबर रूम सिस्टरने दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय ‘गरोदरपणातली धोक्याची लक्षणं’. त्यावर बोलणारच आहे. पण समोरच्या बऱ्याच जणी लवकरच आजी होणार असं कळलं, म्हणून आधी माझं जुनं दुखणं काढते. पुरुष मंडळींनीही ऐका. डबा घेऊन रात्रभर बाकड्यावर तुम्हीच बसता.

हल्ली बाई लेबर रूममध्ये आली की पोटाला पट्टे बांधतात, मशीनमधून कागद बाहेर यायला लागतो आणि सगळे त्या कागदाकडे बघतात. मशीनला माझी ना नाही. पण बाहेरून बांधलेला पट्टा कळ कधी आली आणि किती टिकली एवढंच सांगतो. तिचा जोर त्याला कळत नाही. तो हातालाच लागतो. पोटाच्या वरच्या बाजूला, गर्भाशयाच्या माथ्यावर तळहात टेकवायचा आणि बोटांनी हलकेच दाबायचं. आता सगळ्यांनी नाकाच्या शेंड्याला बोट लावा. लावा हो, कोणी फोटो काढत नाहीये! पोट तसं लागलं तर कळ सौम्य. हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. कपाळासारखं, बोट रुततच नाही, ती जोराची. दहा मिनिटं हात हलवायचा नाही. कळा किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, मोजायचं. पाचपेक्षा जास्त आल्या तर मधल्या वेळात बाळाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची सलाईन चालू असेल तर ती बंद करायची, बाईला कुशीवर वळवायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची.

मोजलं ते त्याच क्षणी लिहायचं, आणि माझं खरं भांडण इथेच आहे. १९७२ साली, तेव्हाच्या ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत), फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी प्रसूतीच्या आलेखावर दोन रेघा आखल्या, एक इशाऱ्याची आणि एक कृतीची. लांबच्या केंद्रातल्या सुईणीला बाई मोठ्या दवाखान्यात कधी पाठवायची ते वेळेत कळावं म्हणून. हाच पार्टोग्राफ. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचं नवं रूप आणलं, त्यात नोंदी गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून सुरू होतात. आणि आपल्याकडे? एका दवाखान्यात (नाव घेणार नाही, मला याच गावात राहायचंय) पार्टोग्राफ चहाबरोबर भरायचे. बाळंतपण झाल्यावर! एकाच पेनाने, एका बैठकीत, रेघ अशी सरळ की भूमितीच्या सरांनी पाठ थोपटावी. एकावर जन्माची वेळ होती पाच वाजून दहा मिनिटं आणि साडेपाचला ‘पोटातल्या बाळाचे ठोके १४०’. म्हटलं, बाळ परत आत गेलं की काय? हसताय, पण त्या पोरींना दोष देऊन काय होणार? चार टेबलं आणि सिस्टर एकच असली की तिचे दोन हात पुरत नाहीत. माणसं वाढवा म्हटलं की वरून नवीन रजिस्टर यायचं.

चिठ्ठी आली. साडेसहाला भजनी मंडळ आहे म्हणे. तर लक्षणं, भराभर.

वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली दुखतंय, तर सकाळची वाट बघू नका. अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तरीही तेच. पाणमोट फुटली तर वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवा, हिरवट असेल तर आधी ते सांगा. हिमोग्लोबिन अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

कळा चालू असताना तिला दर दोन तासांनी लघवीला जायची आठवण करा. भरलेली लघवीची पिशवी बाळाचं डोकं खाली येऊ देत नाही. सोबतीला बाई आत राहू देतात का, आधीच विचारून ठेवा.

आणि बाळंतपण झालं की सगळं घर पेढे आणायला पळतं. पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी आणि गर्भाशय बघायचं असतं. बेंबीच्या आसपास ते टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर रक्त जात असतं, आणि अर्धा लिटर जायला वेळ लागत नाही. म्हणून एकीने तिच्याजवळ थांबायचं. पॅड भराभर भिजतंय असं दिसलं तर सिस्टरला बोलवा. ओरडून बोलवलंत तरी चालेल.