नदीकडे जायचं नाही

(दृश्य: पावसाळा. भिडे पूल पाण्याखाली.)

खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलं की आधी बुडतो तो भिडे पूल. मग बाकीच्या पुलांवर गर्दी जमते. पुणेकर कठड्याला टेकून, फोन पुढे धरून पूर बघतात. क्युसेकचे आकडे एकमेकांना ऐकवतात. आणि तिथून चार गल्ल्या आत, शनिवार-नारायण पेठेत अशीही घरं आहेत, जिथे पाऊस लागून राहिला की मुलांना बजावलं जातं, "नदीकडे जायचं नाही."

का, म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "नाही म्हटलं ना एकदा!"

(दृश्य: पुराची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

१२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं. ते वाचवायला जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन धडकला आणि दुपारी तेही फुटलं. नदीकाठच्या पेठा, पुलाची वाडी, डेक्कन, सगळीकडे पाणी शिरलं. जुने वाडे मटकन खाली बसले. पूर ओसरला, तर प्यायला पाणी नाही, कारण शहराला पाणी पुरवणारं खडकवासलंच वाहून गेलेलं.

त्या दिवशी जी मुलं आठ-दहा वर्षांची होती, ती पुढे आईबाप झाली. तळमजल्यावरचं घर नको. दाखले, रेशनकार्ड पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी माळ्यावर. नळ जायच्या आत घरातली सगळी भांडी भरलेली. आणि मुलांनी टिळक टँकवर पोहायला जायचं म्हटलं की कपाळाला आठी. वास्तविक पाण्याचा तडाखा खाल्लेल्या घरातल्या मुलांना आधी पोहायला शिकवायला हवं. पण भीती असला हिशेब करत बसत नाही.

या मुलांनी पूर पाहिलेला नव्हता. त्यांनी आईचा चेहरा पाहिला होता.

तेवढंही पुरतं. १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वर्षा-वर्षाच्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेचं टेबल, काचेखाली दिसणारा खड्डा. खड्डा बेताचाच, पुढे जावं की नाही, बाळाला ठरवता येऊ नये इतपत. पलीकडे आई. तिने बोलायचं नाही, नुसता चेहरा करायचा. हसऱ्या आईकडे १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. घाबरलेला चेहरा पाहिलेल्या १७ पैकी एकही गेलं नाही.

(दृश्य: पोहण्याचा तलाव. उथळ बाजूला मुलं.)

आता तिसरी पिढी. आई मुलाला हौसेने पोहायला घालते, कारण तिला स्वतःला येत नाही. आणि मग जाळीला धरून उभी राहते. ती काही बोलत नाही. पोरगं मात्र खोल बाजूला जायच्या आधी एकदा जाळीकडे बघतं.

पानशेतच्या पुराच्या गोष्टी पुण्यात सांगत नाहीत असं नाही. उलट, रंगवून सांगतात. पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं, कोण छपरावर अडकलं, कुणाचं कपाट वाहत कुठे सापडलं. (प्रत्येक सांगणाऱ्यागणिक पाणी एकेक पायरी वर चढतं, ते सोडा.) पण "मी त्या दिवशी फार घाबरलो होतो" हे वाक्य त्या गोष्टींमध्ये क्वचितच ऐकू येतं. नातवंडांना पराक्रम ऐकायला मिळतो आणि भीती मिळते ती नियमांमधून. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

(दृश्य: आंबिल ओढा, अरण्येश्वर.)

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्याच या आंबिल ओढ्याला पूर आला. इथल्या टांगेवाले कॉलनीत पाणी शिरलं, माणसं गेली. तेव्हा आईबापांच्या कडेवर असलेली मुलं आता शाळेत जातात. त्या रात्रीबद्दल घरात त्यांना काय सांगितलं गेलंय आणि काय नुसतं बजावलं गेलंय, तेच ऐकायला आम्ही इथे आलोय. पहिल्यांदा मुलांशी बोलू. मोठ्यांना जरा बाहेर थांबायला सांगितलंय.