रानपिंगळ्याची ढोली

श्रोतेहो, नमस्कार. पिंगळा, म्हणजे ते चिमुकले घुबड, आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. गावातल्या जुन्या वडाच्या ढोलीत तो राहतो आणि पहाटे दारी येणाऱ्या पिंगळा जोशाने त्याचे नाव घरोघरी पोचवले आहे. आज मी बोलणार आहे ते त्याच्या दुर्मीळ भाऊबंदाविषयी, रानपिंगळ्याविषयी. मध्य आणि पश्चिम भारतातल्या पानझडी जंगलांखेरीज हा पक्षी जगात कुठेही आढळत नाही.

मेळघाटात फेब्रुवारीतल्या एका सकाळी पाहिलेला रानपिंगळा मला अजून आठवतो. वठलेल्या फांदीच्या टोकावर तो उन्हात बसला होता. माथ्यावर ठिपके जवळजवळ नव्हते, पोट पांढरे होते आणि पंजे देहाच्या मानाने मोठे होते. शेपटी डावीउजवीकडे झटकत तो खालच्या वाळलेल्या गवताकडे टक लावून पाहत होता. एकाएकी तो खाली झेपावला आणि सरडा घेऊन शेजारच्या सागाच्या ढोलीपाशी गेला. आत मादी असावी, कारण विणीच्या काळात तिला भक्ष्य आणून देण्याचे काम नराचे असते.

असा उजेडात वावरणारा पक्षी शतकाहून अधिक काळ हरवला होता. पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि १८८४ मध्ये खानदेशात मिळालेल्या नमुन्यानंतर त्याची खात्रीची नोंदच उरली नाही. मधल्या काळात पक्ष्यांचे इंग्रज संग्राहक कर्नल माइनर्ट्झहागन यांनी, १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळाला असे सांगून, एक नमुना पुढे केला. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी होता. ती खोटी नोंद बाजूला ठेवून शोध घेतला गेला, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी पक्षीअभ्यासकांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढच्या पाहण्यांत मेळघाट, यावल आणि मध्य प्रदेशातल्या खंडवा परिसरातूनही तो नोंदवला गेला, आणि २०१४ मध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यातही. २०१८ पर्यंत तो अतिसंकटग्रस्त मानला जाई; आता त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि वाघासाठी राखलेल्या त्या जंगलाने रानपिंगळ्यालाही आसरा दिला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु वाघाला लागते ते विस्तीर्ण रान आणि मुबलक हरणे, तर रानपिंगळ्याला लागते ते पोकळ खोडाचे जुने झाड आणि त्याच्या आसपास सरडे, उंदीर नि नाकतोडे मिळतील अशी मोकळी, गवताळ जागा. जंगलाची हद्द राखली, पण आतली म्हातारी झाडे वठलेली म्हणून तोडली, तर नकाशावर अभयारण्य शाबूत राहील आणि पक्षी मात्र बेघर होईल. शिवाय त्याच्या अनेक जागा अभयारण्यांच्या बाहेर, राखीव वनांत आहेत. तोरणमाळच्या परिसरात अतिक्रमणाने आणि तोडीने जंगलाचे तुकडे पडले आहेत. माझ्या मते पहिले लक्ष तिकडे द्यायला हवे.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगतो. शुष्क पानझडी जंगल उन्हाळ्यात उघडेबोडके दिसते म्हणून ते ओसाड ठरत नाही. त्यातली विरळ गवताळ जागा हिरवी करण्याच्या सदिच्छेने तिथे दाट रोपवन उभारले, तर रानपिंगळ्याचे शिकारीचे मैदानच बुजते.

वणव्याचे दुखणे वेगळे आहे. मोहफुले वेचायला जमीन स्वच्छ हवी, म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, आग पसरते आणि पोकळ खोड धुराड्यासारखे आतून जळते. याचा दोष मोहावर संसार चालवणाऱ्या कोरकू, पावरा कुटुंबांवर टाकून मोकळे होणे मला न्यायाचे वाटत नाही. झाडाखाली जाळी बांधून फुले वरच्यावर झेलता येतात. ती स्वच्छ मिळतात आणि पाला जाळावा लागत नाही. या जाळ्यांचा खर्च वनखात्याने उचलावा आणि मोहाचा बहर सुरू होण्याआधी, माघ संपता संपता, जाळ्या पाड्यांवर पोचाव्यात. रानपिंगळ्याची पिल्ले साधारण त्याच सुमारास ढोलीत असतात.