मेदिचींच्या तळघरात

मंडळी, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात सान लोरेंझो नावाचं जुनं चर्च आहे. त्याच्या मागच्या अंगाला मोठा घुमट दिसतो, ते मेदिची घराण्याचं दफनघर. आत शिरलं की आधी तळघर लागतं: बुटके जाड खांब, कमानींचं छत, आणि फरशीत बसवलेल्या नावांच्या शिळा. प्रवासी इथे फारसे रेंगाळत नाहीत, कारण वर मायकेलअँजेलोचं काम बघायची घाई असते. आज मी तुम्हाला या तळघरातच थोडा वेळ थांबवणार आहे. या घराण्याबद्दल वरच्या संगमरवराने जे सांगितलं नाही, ते खालच्या हाडांनी सांगितलं.

मेदिची मूळचे पेढीवाले. जोव्हान्नी दि बिच्चीने १३९७ मध्ये फ्लॉरेन्सला पेढी काढली. तो १४२९ मध्ये वारला आणि सान लोरेंझोतच, वास्तुकार ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या दालनात त्याला पुरलं. त्याचा मुलगा कोझिमो. हा राजा नव्हता, पदवीने साधा नागरिक. पण शहर त्याच्या शब्दावर चालायचं. १४६४ मध्ये तो गेला तेव्हा त्याला कुठे ठेवलं? मुख्य वेदीच्या बरोबर खाली, चर्चखालच्या तळघरातल्या एका खांबाच्या पोटात. चर्चच्या फरशीवर, वेदीसमोर, फक्त रंगीत दगडांची एक वर्तुळाकार नक्षी आणि ‘देशाचा पिता’ हे शब्द. वरून बघणाऱ्याला वाटावं, केवढी ही विनम्रता! पण वेदीखालची जागा परंपरेने संतांची. चर्च ज्या खांबांवर उभं त्यांच्यात आपला कर्ता पुरुष चिणायचा, यातली महत्त्वाकांक्षा मला कुठल्याही पुतळ्याहून मोठी वाटते. कोझिमोने ज्याला आयुष्यभर आश्रय दिला तो शिल्पकार दोनातेल्लो दोन वर्षांनी गेला, आणि त्यालाही इथेच कोझिमोजवळ जागा मिळाली.

पुढे मायकेलअँजेलोने नवं दालन घडवलं. दिवस, रात्र, पहाट आणि संध्याकाळ हे चार प्रसिद्ध पुतळे तिथलेच. ते ज्या दोघांच्या थडग्यांवर आहेत ते घराण्यातले दुय्यम पुरुष, तरुणपणी गेलेले दोन ड्यूक. ज्याच्यामुळे हे घराणं जगाला माहीत आहे तो ‘वैभवशाली’ लोरेंझो आणि १४७८ मध्ये भर प्रार्थनेत खंजिरांनी मारला गेलेला त्याचा भाऊ जूलियानो त्याच दालनात एका साध्या पेटीत आहेत. त्यांचं स्मारक पुरं होण्याआधी, १५३४ मध्ये, मायकेलअँजेलो फ्लॉरेन्स सोडून गेला तो परतलाच नाही.

सोळाव्या शतकात मेदिची तस्कनीचे, म्हणजे फ्लॉरेन्सभोवतालच्या प्रांताचे, ग्रँड ड्यूक (राज्यकर्ते) झाले आणि विनम्रतेची गरज संपली. १६०४ मध्ये ‘राजपुत्रांचं दालन’ बांधायला घेतलं. रंगीत मौल्यवान दगड कापून, एकमेकांत केसाचीही फट न ठेवता बसवायचे, अशी भिंतभर जडावकामाची आरास. त्यासाठी स्वतंत्र कारखाना होता आणि त्याची परंपरा चालवणारी संस्था आज जीर्णोद्धारासाठी नावाजलेली आहे. काम शतकानुशतकं रेंगाळलं. सहा ग्रँड ड्यूकांच्या नावाच्या प्रचंड दगडी पेट्या भिंतींपाशी उभ्या आहेत, आणि सगळ्या रिकाम्या आहेत! देह खाली तळघरात.

आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. आपल्याकडच्या छत्र्यांतही देह नसतो. फ्लॉरेन्समध्येच अशी एक छत्री आहे, आणि ती आपल्या माणसाची आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरात वारले. वय जेमतेम विशीचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे, काशिने बागेच्या टोकाला, १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. कोल्हापूरच्या राजाची तिथे राख झाली. मेदिचींचे देह मात्र शहराने जपून ठेवले, निदान तसं ठरवलं तरी होतं.

प्रत्यक्षात फार हाल झाले. १७९१ मध्ये शवपेट्या वेगवेगळ्या जागांवरून हलवून एकत्र तळघरात आणल्या. चोऱ्यांची कुजबुज वाढल्यावर १८५७ मध्ये सरकारने त्या उघडून पाहिल्या, तर कितीतरी लुटलेल्या निघाल्या. मग सगळं फरशीखाली पुरलं. १९४५ नंतर मानववंशशास्त्रज्ञ जेन्ना यांनी काही थडगी उघडून हाडं मोजली, कवट्यांचे साचे घेतले. नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात आर्नोचं पाणी या भागातही घुसलं.

२००४ मध्ये पिसा आणि फ्लॉरेन्सच्या विद्यापीठांनी रीतसर अभ्यास सुरू केला. फरशीतली एक दगडी चकती उचलली, तर खाली जिना आणि एक लहानशी बंद खोली. शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने तिथे होता, आणि त्याच्यासोबत लहान मुलांचे अवशेष. निपुत्रिक गेलेला हा माणूस आणि भोवती घराण्यातली लेकरं. हे वाचताना मला गलबलून आलं होतं.

या तळघरातल्या मुलांनीच मोठा धक्का दिला. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या नऊ मुलांची हाडं तपासली. वय जन्मापासून पाच वर्षांपर्यंत. त्यांपैकी सहा जणांना मुडदूस होता. युरोपातल्या श्रीमंतांत श्रीमंत घरातल्या मुलांना मुडदूस! रांगताना-चालताना हातापायांची हाडं वाकलेली. कारण अन्नाची कमतरता नव्हे, उन्हाची. बाळाला घट्ट गुंडाळून ठेवायचं, जाडजूड कपडे घालायचे, प्रशस्त महालाच्या आतल्या खोल्यांत वाढवायचं. शिवाय दोनेक वर्षांपर्यंत मुख्यतः दूधच, आणि आईच्या दुधात ड जीवनसत्त्व कमी. कोवळं ऊन अंगावर घेणारं गरिबाचं पोर या बाबतीत सुदैवी ठरलं असणार.

अफवांचंही असंच. पहिला ग्रँड ड्यूक कोझिमो (खांबातला नव्हे, त्याच नावाचा पुढचा) याची पत्नी एलेओनोरा आणि दोन मुलगे १५६२ च्या अखेरीस काही आठवड्यांत गेले. लोक म्हणाले, भावाने भावाला मारलं आणि बापाने त्या मुलाला. हाडांवर वाराची खूण नाही. पत्रव्यवहारात लिहिलाय तो हिवतापच खरा. ऑक्टोबर १५८७ मध्ये ग्रँड ड्यूक फ्रांचेस्को आणि त्याची दुसरी पत्नी ब्यांका काप्पेल्लो एका दिवसाच्या अंतराने गेले, तेव्हा बोट धाकटा भाऊ फेर्दिनांदोकडे गेलं, कारण गादी त्याला मिळाली. २००६ मध्ये एका गटाने सोमल (आर्सेनिक) या विषाचा पुरावा मांडला. २०१० मध्ये दुसऱ्या गटाला फ्रांचेस्कोच्या हाडांत हिवतापाच्या जंतूचे अंश सापडले. माझं मत हिवतापाकडे झुकतं, कारण सोमलाचे नमुने दुसऱ्या एका चर्चमधल्या मडक्यांतले होते आणि ते त्याचेच होते का यावर वाद आहे. पण एका गोष्टीत फेर्दिनांदोला माफ करता येत नाही: त्याने ब्यांकाला या दफनघरात जागा दिली नाही. तिचं थडगं कुठे, हे आजही कुणाला ठाऊक नाही.

मृतांना असं उकरावं का, असा प्रश्न येतो. हाडं सन्मानाने परत ठेवणार असतील तर उकरावं, असं मी म्हणेन. चारशे वर्षं खुनाचा डाग घेऊन पडून राहण्यापेक्षा ते बरं.

शेवटी एका बाईबद्दल. जान गास्तोनेची बहीण आन्ना मारिया लुईझा, घराण्यातली शेवटची. १७३७ मध्ये भाऊ गेला आणि तस्कनी लोरेन घराण्याकडे गेलं. त्याच वर्षी तिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला: चित्रं, पुतळे, ग्रंथ, जवाहीर, काहीही राजधानीबाहेर न्यायचं नाही. ते राज्याच्या शोभेसाठी, लोकांच्या उपयोगासाठी आणि परदेशी माणसांचं कुतूहल जागवण्यासाठी इथेच राहील. उफित्झी ही जगप्रसिद्ध चित्रगॅलरी आज फ्लॉरेन्समध्ये भरलेली आहे ती या कलमामुळे. अर्धवट दफनघराचं कामही ती स्वतःच्या पैशाने मरेपर्यंत करून घेत होती. १८ फेब्रुवारी १७४३ ला ती गेली आणि याच तळघरात आली. शहर दरवर्षी तो दिवस पाळतं, आणि महापालिकेच्या संग्रहालयांना त्या दिवशी तिकीट नसतं. जमलं तर तीच तारीख साधून जा.